साधी गाठ

आमच्या वऱ्हाडात नाकातून रक्त आलं की घोळणा फुटला म्हणतात, आणि घोळणा फुटण्याला कुणी घाबरत नाही. उन्हाळा तापला की गल्लीत एखाद्या पोराचा फुटतोच. डोक्यावर गार पाणी ओतायचं, कांदा फोडून नाकाशी धरायचा, पोराला सावलीत आडवं करायचं आणि आपण आपल्या कामाला लागायचं. माझ्या धाकट्या भावाचा घोळणा फुटायला लागला तेव्हा तो शाळेत होता, आणि आम्ही हेच केलं. पुढे तो थंडीतही फुटायला लागला, तरी कांदा तोच. माय म्हणायची, हा अंगानंच उष्ण आहे. एकदा दुखण्याला घरगुती नाव मिळालं की आमच्याकडे पुढे कुणी काही विचारत नाही.

मी त्याच्याहून बरीच मोठी. लग्न करून नांदुऱ्यात आले. स्टेशनकडच्या रस्त्याला ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. माय आणि बाबा संग्रामपूरला असतात. बाबांचं मोटर वायंडिंगचं दुकान आहे. विहिरीतल्या आणि बोअरमधल्या जळालेल्या मोटरी खोलायच्या, जुनी तार उपसायची, नवी तांब्याची तार भरायची. आमच्या पट्ट्यातलं पाणी खारं, मोटरी लवकर जातात, त्यामुळे बाबांना हात रिकामे ठेवून बसायची वेळ कधी आली नाही. भाऊ अकरावीला माझ्याकडे राहायला आला. शिकायला आला असं आम्ही सांगायचो. खरं म्हणजे नांदुऱ्यात सैन्यभरतीची तयारी करणाऱ्या पोरांचा एक जथा होता, सकाळी सकाळी शेगाव रोडनं पळणारा, आणि याला त्यात पळायचं होतं. फौजेत जायचं एवढं एकच त्याच्या डोक्यात होतं. दुसरं काही विचारलं तर तो कानच द्यायचा नाही.

पळायचा मात्र तोंड उघडं टाकून, कारण नाकातून वाराच जायचा नाही. झोपायचाही तसाच. घोरणं असं की माझे मिस्टर म्हणायचे, जिनिंगमध्ये दिवसभर मशीन ऐकून येतो, घरी आलो तरी मशीन सुरूच. आणि बोलताना त्याच्या तोंडून म आणि न निघायचे बंद झाले होते. म चा ब व्हायचा आणि न चा द. नांदुऱ्याला तो दांदुरा म्हणायचा, स्वतःला ‘मी’ऐवजी ‘बी’. पळणारी पोरं विचारायची, बी म्हणजे कोणतं बे, सरकीचं का तुरीचं? मायला ‘बाय’ म्हणायचा. मामा आले की ‘बाबा, बसा’ म्हणायचा, आणि मामा बाबांकडे बघून म्हणायचे, बघा भाऊजी, पोरानं बाप बदलला. आम्ही सगळे हसायचो, तोही हसायचा. तालुक्याच्या डॉक्टरांनी नाकाचं हाड वाढलं म्हणून थेंब दिले होते. आमच्याकडे नाक चोंदलं म्हणजे हाड वाढलेलंच असतं, त्याला तपासायची गरज नसते.

मग एका सकाळी पळता पळता त्याचा घोळणा फुटला आणि थांबेचना. पोरांनी त्याला गाडीवर मधे बसवून माझ्या दारात आणलं. बनियन समोरून पूर्ण लाल. मी कांदा फोडला, मडक्याचं पाणी ओतलं, पण रक्त नाकातून थांबलं तर घशात उतरायला लागलं आणि तो गुळण्या टाकाव्या तसं रक्त टाकायला लागला. रस्त्यापलीकडच्या दवाखान्यात नाकात पट्टी कोंबली तेव्हा कुठे थांबलं. त्यांनीच सांगितलं, याला अकोल्याला कान-नाक-घशाच्या डॉक्टरला दाखवा, उद्यावर टाकू नका. मी संग्रामपूरला फोन लावला. मामांकडे चारचाकी होती आणि मामांना सगळीकडे बोलायची सवय होती, म्हणून मायनं मामांना बोलावलं. आमच्या घरातले सगळे निर्णय असेच चारचाकीत बसून आलेले आहेत.

अकोल्याचे डॉक्टर वयस्क होते, शांत. त्यांनी पोराच्या नाकात बारीक दुर्बीण घातली, थोडा वेळ पाहिलं आणि घातली त्याहून हळू बाहेर काढली. हात कशालाच लावला नाही. वय विचारलं, रक्त एकाच बाजूनं येतं का विचारलं. मग रंगाचं इंजेक्शन देऊन स्कॅन करायला पाठवलं. मामांनी विचारलं की तुकडा काढून तपासत नाही का, आमच्या गावात एकाचा काढला होता. डॉक्टर म्हणाले, नाकामागच्या या गाठीचा तुकडा काढला तर पोरगा टेबलावरच रक्तानं जाईल. वयात येणाऱ्या मुलग्यांना क्वचित होणारी गाठ आहे, जागा आणि वय पाहून आणि स्कॅन पाहूनच ओळखायची असते. गाठ हा शब्द कानावर पडला तशी माय बाहेर जाऊन भिंतीला टेकून बसली. तिनं तिथेच पदर पसरून मारोतीला नवस बोलला. कॅन्सर नसू दे, रोडगे करीन.

रोडगे म्हणजे कणकेचे जाड गोळे, गोवऱ्यांच्या आरात, निखाऱ्यांवर भाजलेले. वर तूप, सोबत वांग्याची भाजी आणि वरण. आमच्याकडे हा काही घरचा स्वयंपाक नाही. रोडगे लागतात ते देवाचं काही फेडायचं असलं की. ते मारोतीच्या पारावर नाहीतर नाल्याच्या काठी करतात, आणि सोयरेधायरे बोलावून जेवू घालतात.

स्कॅनचे फोटो आले. डॉक्टरांनी ते उजेडावर लावले, आम्हाला चौघांना खुर्च्या दिल्या आणि म्हणाले, “घाबरू नका. गाठ साधी आहे. कॅन्सर नाही.”

ते पुढेही बोलले. खूप बोलले. ते मी ऐकलं आणि बाबांनी ऐकलं. मायनं हात जोडले होते आणि ती रडत होती, तिला काही ऐकू जात नव्हतं. मामा फोन काढून बाहेर गेले होते, साऱ्या गणगोताला सांगायला. डॉक्टर सांगत होते की ही गाठ पसरत जाते, वाटेतलं हाड ढकलते, डोळ्याकडे आणि मेंदूकडे सरकते. तिच्यात रक्त भरलेलं असतं, म्हणून काढणं कठीण. इथे होणार नाही, नागपूरला जा, पण लवकर जा. बाबांनी एकच प्रश्न विचारला, “सायेब, साधी हाये तं कापता काऊन?”

डॉक्टर म्हणाले, “घर साधंच असलं, पण रस्त्याच्या मधोमध बांधलं, तर पाडावं लागतं ना?”

बाबांनी मान हलवली. त्यांना कळलं होतं, माझी खात्री आहे. पण परत येताना गाडीत मामाच बोलत होते, आणि मामांनी त्या खोलीतून एकच शब्द उचलून आणला होता. साधी. त्या शब्दावर माझा अजून राग आहे. डॉक्टर लोकांचा साधी वेगळा आणि आमचा वेगळा. आमच्याकडे साधा ताप म्हणजे गोळी न घेता जाणारा. साधी भाजी म्हणजे पाहुणा नसताना करायची. साधा माणूस म्हणजे ज्याच्यापासून कुणाला भीती नाही, आणि ज्याला कुणी विचारतही नाही. कॅन्सरनंतर ऐकलेला तो शब्द आमच्या घराला एवढा गोड लागला की त्याच्यापुढचं सगळं सांडून गेलं.

गहू निघाल्यावर रोडगे केले. संग्रामपूरच्या बाहेर नाल्याकाठी एक मारोती आहे, त्याच्या लिंबाखाली. ऊन मी म्हणत होतं. बायका कणीक मळत होत्या, पुरुषांनी गोवऱ्या रचून पेटवल्या होत्या. आर पडल्यावर रोडगे फिरवायला माझा भाऊच बसला, कारण त्याच्यासारखी दणकट पोरं कमी होती आणि कौतुकही त्याचंच होतं. लोखंडी पळीनं तो एकेक रोडगा उलटत होता. मी वाढायची पानं पुसत होते. चर्रर्र असा आवाज आला. पाहते तर त्याच्या नाकातून धार लागलेली आणि ती थेट निखाऱ्यात पडत होती. आठ-दहा रोडगे त्या रक्तात गेले, ते बाजूला काढून नाल्यात टाकले. कुणीतरी कांदा फोडला. मामा म्हणाले, एवढ्या उन्हात आरापुढं बसल्यावर घोळणा फुटणारच.

मी तिथेच भांडले. एवढी माणसं जेवायला बसलेली, पण मी आवाज खाली केला नाही. विचारलं, नागपूरला कधी न्यायचं ते आत्ता सांगा. मामांनी पानावरून मान वर केली.

“नवस फिटला, बाई,” ते म्हणाले. “आता दवाखान्यात जानं म्हंजे देवाले खोटं पाडनं.”

मायनं माझ्याकडे पाहिलंच नाही. तिच्या लेखी व्यवहार पूर्ण झाला होता. तिनं कॅन्सर नसू दे म्हटलं, देवानं ऐकलं, तिनं रोडगे केले. देणंघेणं फिटल्यावर पुन्हा त्याच दारात काय मागायचं? मी तिला म्हणाले, मागताना एवढं कमी काऊन मागितलंस, गाठच नसू दे म्हणायचं होतंस. त्यावर ती कितीतरी दिवस माझ्याशी बोलली नाही. बाबा पंगतीत तूप वाढत राहिले. त्यांच्या कानात तुकड्याची गोष्ट बसली होती, पोरगा टेबलावरच जाईल ती. न जाण्याचं कारण कुणीतरी दुसऱ्यानं दिलं म्हणून त्यांना बरंच वाटलं असावं. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला म्हणतात, ते आमच्याच घरावरून पडलं असावं. दुखणं पोराच्या नाकात होतं आणि तूप मारोतीच्या दगडावर चढलं.

भाऊ तरी जायचं म्हणेल असं मला वाटलं होतं. पण त्याला पळणाऱ्या पोरांनी सांगून ठेवलं होतं की भरतीत डॉक्टर अंगावरची एकेक खूण तपासतात, ऑपरेशन झालेलं दिसलं की बाहेर काढतात. तो म्हणाला, आधी भरती होतो, मग फौजेचेच डॉक्टर काढतील. हे तो मला ब आणि द लावून सांगत होता आणि मी त्याच्या अंगावर ओरडत होते. शेवटी मीही थकले. रोज त्याला डबा भरून द्यायचा आणि रोज भांडायचं, हे एका माणसानं किती दिवस करावं?

त्या हिवाळ्यात त्याचा डावा गाल भरला. बायका म्हणाल्या, बहिणीच्या हातचं लागलं पोराला. मग दुसरा गाल काही भरेना. डोळाही एक मोठा दिसायला लागला, फोटोत जास्त दिसायचा. तो टोपी घालायला लागला, आणि मी ते पाहून रोजचा डबा भरत राहिले.

माझ्या मशीनच्या सुईत दोरा ओवून देणं हे त्याचं काम असायचं. मला ते चष्म्याशिवाय जमत नव्हतं आणि चष्मा घालायची मला लाज. त्याची नजर घारीची. कॉलेजातून आला की उभ्या उभ्या ओवायचा. त्या दिवशी लग्नसराईची गर्दी होती, बाया बसलेल्या, आणि त्याला दोरा ओवता येईना. मी खेकसले. तो पुन्हा वाकला. दोरा सुईच्या शेजारी, रिकाम्या हवेत घालत होता, अगदी नेमानं, त्याच जागी. मग त्यानं दोरा माझ्या हातात दिला.

“ताई,” तो म्हणाला, “दोद सुया दिसूद राह्यल्या.”

बायांना हसू आलं. मी मशीन बंद केलं आणि आतल्या खोलीत जाऊन त्याचा एक एक डोळा झाकून भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लावलं. उजव्यानं त्यानं खालची बारीक तिथीसुद्धा वाचली. डाव्यानं त्याला देवाचं चित्र तेवढं दिसलं, तेही धुक्यात असल्यागत. तो भिंतीजवळ गेला, अजून जवळ गेला. भरतीत डोळे तपासतात हे त्याला माझ्याहून चांगलं माहीत होतं.

यावेळी मी कुणाला विचारलं नाही. बाबांना फोन करून सांगितलं की उद्या नांदुऱ्याहून गाडी धरायची आहे, तुम्ही आणि माय या, मामांना आणू नका.

नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन करणारी डॉक्टर बाई होती, बाहेरची, बोलणं पुस्तकातल्यासारखं. तिनं अकोल्याचे जुने फोटो पाहिले, मग नवे पाहिले, दोन्ही शेजारी लावले आणि विचारलं, इतके दिवस कुठे होतात? माय फरशीकडे पाहत होती. मी म्हणाले, रोडगे खात होतो. तिला कळलं नाही, ती पुन्हा विचारणार तेवढ्यात बाबांनी माझा हात दाबला.

तिनं स्कॅनच्या पाकिटाच्या मागे पेननं नाक काढलं, त्याच्यामागची पोकळी, वर डोळा, त्याच्यावर मेंदू. गाठ काळी केली. ती डोळ्याच्या मागेपर्यंत पोचली होती. मग सांगितलं की आधी मांडीच्या नसेतून बारीक नळी वरपर्यंत नेऊन गाठीला रक्त देणारी वाहिनी बंद करायची, आणि मग नाकातून दुर्बिणीनं गाठ काढायची. चेहऱ्यावर कापायचं नाही. बाबा पाकिटावर वाकले होते. त्यांच्या डोळ्यांत मला पहिल्यांदा काहीतरी उजळल्यासारखं दिसलं.

“म्हंजे आधी सप्लाय तोडाचा, मंग मोटर खोलाची,” ते म्हणाले.

डॉक्टर बाई हसली. बरोबर म्हणाली. पण मग तिनं पाकिटावर अजून एक रेघ ओढली. म्हणाली, तुमच्या मोटरला आता दोन लाइनी आहेत. बाहेरून येणारी मी बंद करू शकते. ही दुसरी आतून येते, हीच डोळ्याला आणि मेंदूला रक्त देते. ही बंद करता येत नाही. चालू लाइनवरच हात घालावा लागेल, आणि जिथे फार जवळ असेल तिथे सोडून द्यावं लागेल.

बाबांनी त्या रेघेवर बोट ठेवलं. विचारलं, “हे दुसरी लाइन कवा जोडल्या गेली?”

“गाठ वाढत गेली तशी,” ती म्हणाली.

बाबांनी आयुष्यात चालू लाइनवरची मोटर कधी खोलली नव्हती. दुकानात कुणी तसं करताना दिसलं तर ते हातातला पाना फेकून मारायचे. त्यांनी सही केली आणि बाहेर जाऊन जिन्यावर बसले, चहा आणून दिला तो तसाच गार झाला.

रक्त द्यायला नांदुऱ्याची पळणारी पोरं आली. जनरलच्या डब्यात उभी राहून आली आणि ओळीत झोपून रक्त देऊन गेली. त्यातल्या एकानं मला विचारलं की ताई, एका महिन्यात तो पळायला लागेल ना, पुढची भरती लागली आहे. मी हो म्हणाले. काय म्हणणार होते? ऑपरेशन लांबलं. माय कोपऱ्यात डोळे मिटून बसली होती, ओठ हलत होते. काय मागते आहे ते मी विचारलं नाही.

गाठ निघाली. सगळी नाही, पण निघाली. डॉक्टर बाईनं सांगितलं की मेंदूजवळ नखाएवढा भाग ठेवावा लागला, त्याला हात लावला असता तर मुलगा राहिला नसता. वय वाढलं की असा उरलेला भाग कधीकधी गप्प बसतो, कधीकधी नाही. दिलेल्या तारखेला दरवेळी स्कॅनला यायचं. डोळ्याच्या नसेवर फार दिवस दाब होता, त्या डोळ्याची नजर परत येणार नाही. हे तिनं आडपडदा न ठेवता सांगितलं आणि त्याबद्दल मला तिचा आजही आदर आहे.

नाकातल्या पट्ट्या काढल्या त्या दिवशी त्यानं पहिल्यांदा नाकातून श्वास घेतला. दवाखान्याचा वास घाण आहे म्हणाला. मग मायकडे पाहून हळूच म्हणाला, “माय.”

नीट, पूर्ण म लावून. मायनं त्याचे दोन्ही हात धरले आणि मोठ्यानं रडली, शेजारच्या खाटेवरची माणसंही उठून बसली. डॉक्टर बाईनं त्याला ‘मामा’ म्हणायला लावलं, ‘नाना’ म्हणायला लावलं, आणि माझ्याकडे वळून म्हणाली की घरी हीच तपासणी, शब्द पुन्हा बोबडे झाले तर स्कॅनची तारीख बघू नका, सरळ घेऊन या. तो सारखं मी, मी, मी म्हणत होता, लहान पोर नवीन शिट्टी वाजवतं तसं. त्या दिवशी आम्ही खरंच सुखी होतो. डोळ्याचं त्याला अजून सांगितलं नव्हतं.

सांगितलं तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून झोपला, आणि नाकानं श्वास घेत राहिला.

पळणाऱ्या पोरांपैकी दोघं भरती झाली. त्यांचे वर्दीतले फोटो त्याच्या मोबाइलवर येतात, तो अंगठ्याचं चित्र पाठवतो. कॉलेज सोडून तो संग्रामपूरला बाबांच्या दुकानात बसला. त्याचा डोळा दिसायला आता ठीकठाक आहे, कुणाला चटकन कळत नाही. पण एका डोळ्यानं खोली समजत नाही. तार भरताना त्याचा हात खाचेच्या अलीकडे पडतो, वॉर्निश गुंडाळीच्या बाहेर सांडतं, आणि बाबा पुसून घेतात. गिऱ्हाईकं विचारतात, पोराला काय झालं होतं? मी एकदा दुकानात असताना ऐकलं.

“काई नाई,” बाबा म्हणाले. “साधी गाठ होती.”

मला तेव्हा ओरडायचं होतं. पण बाबा पाना घेऊन मोटरवर वाकले होते आणि त्यांची मान इतकी बारीक झाली होती की मी पिशवी उचलून एसटी स्टँडवर आले.

स्कॅनला आम्ही सुरुवातीला गेलो. नखाएवढं ते नखाएवढंच होतं. मग एकदा कापसाच्या दिवसात जाणं राहिलं, एकदा मायचं गुडघ्याचं निघालं. तो म्हणायचा, मी बरा आहे ना.

या दिवाळीनंतर मायचा फोन आला तेव्हा ती खुशीत होती. म्हणाली, पोरगं आता शांत झालं, उगीच बडबड करत नाही, आणि आता मले माय म्हणत नाही, आई म्हणते, शहरातल्या पोरांवानी. तिला त्याचं फार अप्रूप वाटत होतं. मीही हसले. म्हणाले, सुधारला म्हणायचा. फोन ठेवला आणि ब्लाउजची बाही लावायला घेतली.

बाही अर्धी शिवून झाली तेव्हा माझा पाय मशीनवरून उठला. गेले कितीतरी दिवस तो माझ्याशी फोनवर कसा बोलत होता ते मला आठवलं. हाव. बरं हाय. ठीक. जेवलो. कधी येशील विचारलं तर, बघतो. एवढंच. मला वाटलं कामानं थकत असेल. त्यातल्या एकाही शब्दात म नव्हता, न नव्हता. आई या शब्दातही नाही.

मी फोन लावला. तो हॅलो म्हणाला. दुकानात मागे मोटर फिरत होती.

“मामा म्हण बरं,” मी म्हणाले.

मोटरचा आवाज लांब गेला, म्हणजे तो उठून बाहेर आला असावा. मी पुन्हा म्हणाले.

“राहू दे, ताई,” तो म्हणाला.

तेही शब्द त्यानं निवडूनच घेतले होते. मी विचारलं, कधीपासून? त्यानं सांगितलं नाही. नागपूरला निघायचं, मी उद्याच येते, असं मी बोलत सुटले, आणि तो हाव हाव करत राहिला. मग म्हणाला, “आईले सांगू,” आणि थांबला. पुढचा शब्द मला माहीत होता. तो कितीतरी वेळ त्याच्या जागी दुसरा शब्द शोधत होता, आणि सापडत नव्हता.

“दोको,” तो शेवटी म्हणाला.

नाही सांगत, मी म्हणाले.